मला सीसीत टाकलंय

मीटिंगचा गोषवारा मेलवर आला. सुरुवात ‘डिअर मॅम’. मॅम म्हणजे आमच्या अकाउंट्सच्या काकू. मी सीसीत. खाली हजर असलेल्यांची यादी. काकूंच्या नावापुढे ‘डिसिजन मेकर’, माझ्या नावापुढे ‘ऑफिस को-ऑर्डिनेशन’. ऑफिसचा सर्व्हर मी सांभाळतो. तो रात्री बंद पडला की झोपेतून मला उठवतात, काकूंना नाही.

प्रकरण एवढंसं. ऑर्डरी, स्टॉक आणि हिशेब ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर टेबलाखालच्या एका मशीनवर चालतं. मशीन थकलंय, तेव्हा क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या दुसऱ्याच्या मशीनवर जाऊ असं ठरलं. आता कुठल्या क्लाउडवर? निस्ट या अमेरिकन संस्थेने २०११ मध्येच याची व्याख्या बांधून ठेवली आहे. सेवेचे प्रकार तीन: नुसतं मशीन भाड्याने घ्या, किंवा तुमचा प्रोग्रॅम आणा आणि मशीनची उस्तवार आमच्यावर सोडा, किंवा आयतं सॉफ्टवेअरच वापरा. उभारणीचे प्रकार चार: पब्लिक (सगळ्यांसाठी), प्रायव्हेट (एकट्यासाठी), कम्युनिटी (सारखी गरज असलेल्यांच्या गटासाठी), हायब्रिड (यांची मिसळ). तीन चोक बारा. ऑनलाइन मीटिंगमध्ये समोर असलेल्या, क्लाउड कंपनीच्या सोल्युशन आर्किटेक्टने, म्हणजे आराखडा आखून देणाऱ्या माणसाने, खास आमच्यासाठी तेरावा काढून आणला होता.

त्याच्या आकृतीत दोन शहरांतली दोन डेटा सेंटरं होती, मध्ये कामाची गर्दी अनेक मशीनांत वाटून देणारा लोड बॅलन्सर, खाली ढीगभर मशीनांवर प्रोग्रॅम चालवायचं कुबरनेटीस आणि सगळीकडे बाण. आम्ही डझनभर माणसं, सकाळी येतो, संध्याकाळी जातो, महिनाअखेरीला जरा झुंबड. हे मी सांगितलं. तो म्हणाला, “पण उद्या अचानक लाखो युजर आले तर?” आमच्या गोदामातल्या खोक्यांची नोंद करायला लाखो लोक कशाला येतील, हे विचारायच्या आत त्याने मला थांबवून विचारलं, “तुमच्याकडे टेक्निकल कुणी आहे का?”

काकू तिथे फक्त आकडा ऐकायला बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर केला.

“मला एक सांगा. रात्री आम्ही नसतो. तेव्हा ते मशीन बंद ठेवलं तर भाडं थांबतं?”

“थांबतं ना मॅम. कॉम्प्युटचं, म्हणजे मशीन चालवण्याचं थांबतं.”

“आणि कशाचं थांबत नाही?”

“डिस्कचं. डिस्कवर तुमचा डेटा असतोच ना मॅम, रात्रीसुद्धा.”

“आणखी?”

“पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता, राखून ठेवला असेल तर त्याचं.”

“रात्री कुणी वापरत नसताना?”

“राखून ठेवलाय ना मॅम.”

काकूंनी वहीत लिहिलं. “बरं. आमचा डेटा तुमच्याकडे पाठवायचे किती?”

“फ्री!” तो पहिल्यांदाच मनापासून हसला.

“आणि परत मागवायचे?”

हसू आवरलं गेलं. “ते एग्रेस, डेटा बाहेर नेण्याचं शुल्क. ठरावीक मर्यादेनंतर जीबीप्रमाणे.”

“आमचाच डेटा?”

“तुमचाच, मॅम.”

या ठिकाणी मला तोंड घालायचं होतं. २०२४ मध्ये गूगल, अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही, गाशा गुंडाळून कायमचं निघणाऱ्या ग्राहकाला हे शुल्क माफ केलं. म्हणजे घटस्फोट फुकट, रोजच्या बोलण्याचे पैसे. पण माझा माइक म्यूट होता. मी केलेला नव्हता.

तोवर काकू अपटाइमवर, म्हणजे सेवा किती वेळ चालू राहील या हमीवर पोचल्या होत्या. “९९.९ टक्के म्हणजे उरलेलं किती?” वर्षाचे तास ८,७६०, त्याचा हजारावा भाग, कॅल्क्युलेटर त्यांच्या हाताशीच असतो. “पावणेनऊ तास. कधी बंद ठेवणार ते आधी सांगाल का? महिनाअखेर सोडून ठेवा.” असं सांगून होत नाही, पण कबूल केल्यापेक्षा जास्त वेळ बंद राहिलं तर पुढच्या बिलात क्रेडिट मिळतं, असं तो म्हणाला. “म्हणजे पैसे नाही, सूट,” काकू म्हणाल्या आणि तेही वहीत गेलं.

माइक सुटल्यावर मी एकच प्रश्न विचारला: बॅकअप कुठे राहणार? “गुड क्वेश्चन,” तो म्हणाला आणि पुढची स्लाइड लावली. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत खाक झालं. काही ग्राहकांचे बॅकअपही तिथल्या तिथेच होते, तेही गेले. त्या ग्राहकांनाही कुणीतरी ‘गुड क्वेश्चन’ म्हणालं असणार.

गंमत सोडा, मला खरंच चीड येते. एक साधा छोटा व्हर्च्युअल सर्व्हर (मोठ्या मशीनचा भाड्याने घेतलेला एक हिस्सा) आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवलेला बॅकअप, एवढ्यावर आमचं भागलं असतं, पण ते विकून कुणाचं टार्गेट पुरं होत नाही. किमतीचा अंदाज काढायला गेलं तर क्लाउड कंपनीच्या साइटवरचं कॅल्क्युलेटरचं पान उलट आपल्यालाच विचारतं: महिन्याला रिक्वेस्ट, म्हणजे सर्व्हरकडे होणाऱ्या मागण्या, किती, डिस्कचं वाचन-लेखन सेकंदाला किती. हे ठाऊक असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? एक किंवा तीन वर्षं वापरूच असा शब्द दिला तर दर उतरतो. पण गरज किती ते न कळता शब्द कशाचा द्यायचा? त्यात रात्री माणसाशी बोलायचं तर सपोर्ट प्लॅन वेगळा, आणि काही ठिकाणी तो बिलाच्या टक्केवारीवर. म्हणजे जितका जास्त माल घ्याल तितकी तक्रार महाग.

शेवटी काकूंनीच निकाल लावला. ज्यांनी सॉफ्टवेअर बनवलं त्यांनाच फोन करून विचारलं, “तुम्हीच का नाही चालवत?” ते चालवतातच म्हणे. दर महिन्याला, माणशी पैसे, बॅकअप त्यांच्याकडे, तोही दुसऱ्या शहरात. माणशी म्हटल्यावर काकूंनी लॉगिनचा रिपोर्ट काढला आणि जे आत शिरून प्रत्यक्ष नोंदी करत नाहीत त्यांची नावं उडवली. सर्व्हर चालू ठेवणं ही नोंद धरत नाहीत. मला काही बघायचं असेल तर आता काकूंना सांगायचं. त्या प्रिंट काढून देतात.