पंधरा खेळ्या पाठ झाल्या, सोळाव्या खेळीचं काय?

बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये सध्या एक संदेश जोरात फिरतोय. "पहिल्या पंधरा खेळ्या घोटून घ्या, रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) आपोआप चढेल. ग्रँडमास्टर हेच करतात. हल्ली डाव ओपनिंगमध्येच (सुरुवातीच्या खेळ्यांतच) ठरतो. पाठांतराला विटूनच माजी जगज्जेत्या बॉबी फिशरने वेगळं बुद्धिबळ काढलं." यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, दुसरं अर्धवट खरं. एकेक करून तपासू.

"घोटून घ्या." घोटा, पण समोरच्याने तेच घोटलेलं नसतं. एक सापळा मुलांमध्ये फार लोकप्रिय आहे (ई४, एफ३ ही पटावरच्या घरांची नावं). ई४, ई५, घोडा एफ३, घोडा सी६, उंट सी४, आणि आता काळा तिसऱ्याच खेळीला घोडा डी४वर टाकतो. पांढऱ्याने हावरटपणे ई५चं प्यादं खाल्लं की काळ्याचा वजीर जी५वर येतो. मग पांढरा घोडा एफ७ मारून वजीर आणि हत्ती दोन्हींवर नेम धरतो, काळा वजीर जी२ घेतो आणि सातव्या खेळीला डी४वरचाच घोडा एफ३वर येऊन मात करतो. बघायला झकास! पण पांढऱ्याने चौथ्या खेळीला डी४चा घोडा नुसता मारला तर? काळा प्याद्याने परत मारणार, पांढरा किल्लेकोट करणार, म्हणजे राजाला हत्तीच्या आड सुरक्षित नेणार. आता काळ्याचं एकही मोहरं घरातून निघालेलं नाही आणि डी-पट्टीवर एकामागे एक दोन प्यादी अडकलीत. इथून पुढे काय खेळायचं, हे सापळ्याच्या व्हिडिओत नसतं.

"ग्रँडमास्टर हेच करतात." करतात, आणि त्याचं फळही मिळतं. २००० साली लंडनमध्ये क्रामनिकने कास्पारोव्हचं जगज्जेतेपद ८.५–६.५ असं काढून घेतलं, त्यात बर्लिन बचाव या काळ्याच्या ओपनिंगचा मोठा वाटा होता. कास्पारोव्हला अख्ख्या लढतीत एकही डाव जिंकता आला नाही. पण या बचावात होतं काय ते बघा. आठव्या खेळीलाच वजिरा-वजिरी होते, काळ्याचा राजा डी८वर येऊन बसतो आणि किल्लेकोट कायमचा जातो. खेळ्या कोणीही दुपारभरात पाठ करील. त्या राजाला सांभाळत, दुहेरी प्यादी वागवत पुढच्या तीस-चाळीस खेळ्या कशा काढायच्या, ही क्रामनिकची खरी तयारी. थोडक्यात, ओपनिंगच्या इतिहासातला इतका गाजलेला विजय मुळात वजीर नसलेल्या पटाच्या समजुतीवर मिळालेला आहे. संदेश लिहिणाऱ्याने नेमकी हीच बाजू गाळली.

"डाव ओपनिंगमध्येच ठरतो." सिंगापूर, डिसेंबर २०२४, जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा आणि शेवटचा डाव. ५४ खेळ्या झालेल्या, दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, गुकेशचं एक प्यादं जास्त. सगळे बरोबरी धरून बसलेले. ५५व्या खेळीला तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेनने हत्ती एफ२वर आणला. गुकेशने हत्ती मारामारी केली, डिंगच्या कोपऱ्यात अडकलेल्या उंटासमोर आपला उंट आणून ठेवला आणि डिंगसाठी उरला तो प्याद्यांचा हरलेला शेवट. या डावाची ओपनिंग कोणती होती, किती जणांना आठवतंय? पुढच्याच वर्षी बाटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, तिथेही टायब्रेकच्या निर्णायक डावात कोनेरू हंपी चुकली ती एंडगेममध्ये, म्हणजे मोजकी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, घड्याळातली वेळ संपत आलेली असताना.

राहिला फिशर. मागच्या ओळीतली मोहरी चिठ्ठ्या टाकून मांडायची, सुरुवातीच्या ९६० मांडण्या, हा प्रकार त्याने १९९६ साली जाहीर केला. त्याची तक्रार अव्वल खेळाडूंच्या तयारीबद्दल होती, बाराशे रेटिंगच्या मुलाबद्दल नव्हे. या प्रकाराचं अधिकृत जगज्जेतेपद २०१९ला वेस्ली सोने आणि २०२२ला नाकामुराने मिळवलं. नेहमीच्या बुद्धिबळातही हे दोघे पहिल्या रांगेतलेच.