‘विकास हवा तर धूळ खा’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, शेजारच्या बांधकामाची धूळ आणि आवाज यावर मी लिहिलेल्या पोस्टखाली तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की टॉवरमध्ये फ्लॅट हवा, मेट्रो हवी, आणि शेजारी ड्रिलिंग सुरू झालं की लगेच बोंबाबोंब, हा दुटप्पीपणा झाला, शिवाय काम थांबलं तर मजुरांनी खायचं काय.

रिडेव्हलपमेंट बंद करा असं मी कुठे लिहिलंय दाखवा बरं. टेकू लावलेल्या बिल्डिंगा पाडायलाच हव्यात. पण मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्येच नियम काढलेत ना, ७० मीटरच्या वर बांधकाम असेल तर ३५ फुटी पत्रे, चारी बाजूंनी हिरवं कापड नाहीतर ताडपत्री, राडारोड्यावर पाणी, गाडी बाहेर पडताना टायर धुवायचे. आमच्या बाजूच्या साइटला रस्त्याकडून पत्रे एकदम चकाचक, त्यावर स्विमिंग पूलचा फोटो, आणि मागे आमच्या किचनच्या बाजूला कापड फाटून लोंबतंय. पाणी मारतात, कुणी साहेब येणार असेल त्या दिवशी!

रात्रीचं म्हणाल तर रहिवासी भागात १० ते ६ आवाज करणारी मशिनरी चालवायची नाही असा ध्वनिप्रदूषणाचा नियमच आहे. आता स्लॅब भरताना काँक्रीट मध्येच सोडता येत नाही, जॉइंट कच्चा राहतो, त्यामुळे कधी अकरा वाजले तर आम्ही ब्र काढत नाही. पण रात्री एकला ट्रेलरमधून सळया आपटायच्या? अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी एंट्री नसते म्हणून रात्री आणतात हे मान्य, मग आणून उभी करा ना गाडी आत, उतरवा सकाळी.

आणि मजुरांचं. ते तिथेच पत्र्याच्या खोल्यांत झोपतात, म्हणजे सगळ्यात जास्त धूळ त्यांच्याच छातीत जाते. पाणी मारल्याने कुणाची रोजी बुडत नाही हो. रोजी बुडते ती हवा पार बिघडल्यावर, डिसेंबर २०२४ च्या शेवटी बोरिवली पूर्व आणि भायखळ्यात पालिकेने सरसकट सगळी बांधकामं थांबवली तेव्हा नियम पाळणाऱ्या साइटवरचे मजूरसुद्धा बसूनच राहिले की.

‘त्रास होतो तर खिडक्या लावून घ्या’ असंही लिहिलंत. लावलेल्याच आहेत, भर मे महिन्यात, कपडेसुद्धा पंख्याखाली वाळतात आणि आंबूस वास मारतात. तुमच्याकडचा बिल्डर खरंच रोज पाणी मारत असेल तर टँकर कुठून आणतो आणि सोसायटीने त्याच्याकडून काय लिहून घेतलं ते कळवा, आमच्या कमिटीची रविवारी मीटिंग आहे.