‘पेट्रोलचं झाकण बदला, दिवा जातो’ हे अर्धसत्य आहे

कोल्हापुरातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर (गाडीचे दोष-कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०४४२ किंवा पी०४५६ हा टाकीच्या वाफेच्या गळतीचा कोड आला, तर टाकीचं झाकण बदला. दहा मिनिटं बॅटरीची वायर काढून ठेवा. तरी दिवा आला तर कॉम्प्रेसरची हवा मारून साबणाच्या पाण्यानं भोक शोधा. नाहीतर सोडून द्या, नुसती वाफ तर जाते!

झाकणाचं थोडं खरं आहे. झाकण नीट न बसणं, त्याचं रबर चिरणं हे नेहमी आढळतं आणि बघायला पैसे लागत नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. पण दर वेळी झाकणच दोषी नसतं. टाकीतली वाफ बाहेर न सोडता कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे डब्यात, धरून ठेवायची आणि इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्हमधून ओढून जाळायची, अशी ही यंत्रणा. त्या वाटेवर फिलर पाइप, रबरी नळ्या, टाकीतल्या इंधनपंपावरचं सील, व्हॉल्व्ह असं बरंच काही येतं. पी०४४२ साधारण एक मिलिमीटरच्या भोकाला येतो, पी०४५६ तर अर्ध्या मिलिमीटरच्या. उसाच्या फडालगत गाडी लावत असाल तर उंदरांनी नळ्या कुरतडल्यात का, तेही बघा.

झाकणानंतर माझा पहिला संशय पर्ज व्हॉल्व्हवर. पेट्रोल भरल्याभरल्या गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरत असेल तर जास्तच. थंड इंजिन सुरू करा, व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढा आणि उघड्या तोंडावर बोट ठेवा. इंजिन थंड असताना हा व्हॉल्व्ह सहसा बंदच असतो. बोट आत ओढलं जात असेल, तर तो नीट मिटत नाही.

बॅटरी काढल्यानं कोड पुसला जातो, गळती तशीच राहते. कोडसोबत साठवलेली, मेकॅनिकच्या कामाची माहितीही जाते. शिवाय गळतीची चाचणी गाडी मनात येईल तेव्हा करत नाही: इंजिन काही तास थंड झालेलं हवं, टाकी अगदी रिकामी किंवा काठोकाठ नको. त्यामुळे आठवडाभर दिवा लागला नाही, तर बहुधा चाचणीच झालेली नसते.

कॉम्प्रेसरचा सल्ला मात्र घातक आहे. टायरला तीसेक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागतात. वाफेच्या गळतीची तपासणी एका पीएसआयच्याही आत करतात. गॅरेजचा कॉम्प्रेसर १०० च्या वर जातो. तेवढ्या दाबानं सील फाटतं, टाकीचा प्रेशर सेन्सर जातो, आणि पेट्रोलच्या वाफेत हवा कोंबणं म्हणजे आगीला आमंत्रण. बरेचसे जोड टाकीच्या वर दडलेले असतात, तिथं साबणाचा फेस दिसणार कुणाला?

यासाठी स्मोक मशीन असतं. स्कॅनरनं व्हेंट व्हॉल्व्ह (कॅनिस्टरला बाहेरची हवा देणारा) बंद करायचा, कमी दाबानं धूर सोडायचा, झाकण उघडं ठेवून धूर तिथवर पोचला की झाकण लावायचं आणि टॉर्च घेऊन गाडीखाली जायचं. बारीक भोकातून दोऱ्याएवढी धुराची रेघ निघते, म्हणून घाई नको, पंखाही बंद ठेवा. दुरुस्तीनंतर पुन्हा धूर सोडून दाखवायला सांगा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, पिढ्यान्‌पिढ्या इंजिनं उघडणारे हात आहेत. अशा गावात अंदाजपंचे पार्ट बदलले जावेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

राहिली ‘नुसती वाफ’. मायलेजमध्ये फारसा फरक पडत नाही, हे कबूल. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. राजारामपुरी-शाहूपुरीतल्या अपार्टमेंटच्या बंद बेसमेंटमध्ये ती जमिनीलगत साचते, ठिणगीनं पेटू शकते, आणि तिच्यात कॅन्सरला कारण ठरणारं बेंझीन असतं. वास येत असेल तर आजच गाडी उघड्यावर काढा. आणि पंपावर नोझल आपोआप बंद झालं की राउंड फिगरसाठी आणखी भरायला सांगू नका. ते जास्तीचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरून कोळसा भिजवतं, आणि भिजलेला कॅनिस्टर बहुतेक वेळा बदलावाच लागतो.