इनहेरिटन्स आणि हायर-काइंडेड टाइप्स एकाच भाषेत नांदतात

कोल्हापुरातील प्रोग्रॅमर आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्या गटांत सध्या एक संदेश फिरत आहे. क्लास इनहेरिटन्स (एका क्लासने दुसऱ्याचे गुण वारशाने घेणे) असलेल्या भाषेत हायर-काइंडेड टाइप्स (आतला टाइप अजून न भरलेला ‘लिस्ट’सारखा टाइप पॅरामीटर म्हणून देण्याची सोय) बसूच शकत नाहीत, जावामध्ये ते नसण्याचे कारण हेच, आणि समान बेस क्लास लिहिला की त्यांची गरजही उरत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. टाइप सिस्टिम नव्याने शिकणाऱ्यांची त्यातून दिशाभूल होते, म्हणून हे उत्तर.

पहिल्या दाव्याला स्काला हेच उत्तर आहे. क्लास, ट्रेट (क्लासमध्ये मिसळता येणारा, इंटरफेससारखा घटक) आणि इनहेरिटन्स यांवर उभ्या असलेल्या या भाषेत 2007 च्या 2.5 आवृत्तीपासून हायर-काइंडेड टाइप्स आहेत. दुसऱ्या दाव्याचेही तसेच: रस्ट आणि गो या भाषांत क्लास इनहेरिटन्स नाही, तरीही हायर-काइंडेड टाइप्स नाहीत, तेव्हा त्यांच्या अभावाचे खापर इनहेरिटन्सवर फोडता येत नाही.

तिसरा दावा मात्र नीट तपासायला हवा, कारण तो वरवर पटतो. मार्केट यार्डातील गूळ सौद्यांचे ॲप घ्या. दिवसभराचे दर लिस्टमध्ये आहेत, एखाद्या प्रतीचा सौदाच झाला नसेल म्हणून तिचा दर ऑप्शनलमध्ये आहे, आणि सर्व्हरकडून अजून यायचा दर फ्यूचरमध्ये. तिन्ही ठिकाणी आकड्याचा पावतीवर छापायचा मजकूर करायचा आहे. बेस क्लासमध्ये मॅप (पात्रातली, म्हणजे लिस्टसारख्या कंटेनरमधली, प्रत्येक व्हॅल्यू बदलून तसेच पात्र परत देणारी मेथड) लिहिले, तर त्याचा परतीचा टाइप बेस क्लासच ठरतो आणि आपण लिस्ट दिली होती ही माहिती कंपायलरच्या हातून निसटते. उपक्लासने स्वतःचा टाइप बेस क्लासला पॅरामीटर म्हणून कळवला तरी तो ‘आकड्यांची लिस्ट’ असा पूर्ण झालेला टाइप असतो. ‘हेच पात्र, पण आत मजकूर’ असे त्यातून म्हणता येत नाही. त्यासाठी आतला टाइप अजून न भरलेला ‘लिस्ट’च पॅरामीटर म्हणून देता यायला हवा, आणि हायर-काइंडेड टाइप्स नेमके तेच देतात. जावा 8 मध्ये स्ट्रीम आणि ऑप्शनल यांना स्वतंत्र मॅप आहे, कंप्लीटेबल-फ्यूचरमध्ये तेच काम देन-अप्लाय करते, आणि या तिघांना जोडणारा समान इंटरफेस नाही, ही याचीच खूण.

संदेशात एक खरा अंश आहे आणि तो मान्य करायलाच हवा: सबटाइपिंग (उपक्लासची व्हॅल्यू वरच्या टाइपच्या जागी चालणे) असले की टाइप ओळखणे कंपायलरला अवघड जाते, कारण एकाच व्हॅल्यूला अनेक वरचे टाइप लागू पडतात आणि व्हेरियन्सही (आतल्या टाइपांमधले नाते बाहेरच्या पात्रालाही लागू होते का, हे) तपासावा लागतो. हॅस्केल या भाषेत सबटाइपिंग नसल्याने हा भार पडत नाही. पण अवघड आणि अशक्य यांत फरक आहे. स्कालाच्या 2.13 आवृत्तीतील (2019) कलेक्शन लायब्ररीत इटरेबल-ऑप्स हा ट्रेट टाइप कन्स्ट्रक्टरच (आतला टाइप न भरलेला ‘लिस्ट’सारखा टाइप) पॅरामीटर म्हणून घेतो, आणि लिस्ट व व्हेक्टर हे दोन्ही क्लास त्याच ट्रेटपासून इनहेरिट होतात.