चेक परतला की आधी नोटीस, गोडीगुलाबी नंतर

मंडळी, जरा स्पष्टच लिहिते. आपल्या बडोद्याच्या मराठी माणसाचे पैसे कायदा लुळा म्हणून कमी बुडतात, भिडेपोटी जास्त. मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) छोट्या कारखान्यांचे हिशेब मी बघते. चेक परत आला की मालक पहिला फोन वकिलाला करत नाही, पार्टीला करतो. पलीकडचं उत्तर ठरलेलं: "अरे भाऊ, आवता अठवाडिये थई जशे." म्हणजे पुढच्या आठवड्यात होऊन जाईल. मग तो आठवडा जातो, मग उत्तरायण, मग मार्च एंडिंग.

घात होतो तो इथेच. चेक परतल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. तेवढ्यात पूर्ण रक्कम आली नाही, तर पुढच्या एका महिन्यात मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाची माफी मिळू शकते. नोटिशीला ती सोय नाही. ३० दिवस हुकलेच, पण चेकची ३ महिन्यांची मुदत शिल्लक असेल, तर चेक पुन्हा भरा. परत आला की नव्याने ३० दिवस मिळतात. सुप्रीम कोर्टाने २०१२ साली हे मान्य केलंय. नोटिशीत रक्कम चेकवरचीच लिहा, एक रुपया इकडे-तिकडे नको. व्याज आणि वकिलाची फी मागायची असेल तर वेगळी दाखवा.

दांडिया बाजारातले एक ओळखीचे काका म्हणतात, "नोटीस धाडली की संबंध बिघडतात." काका, खात्यात पैसे नसताना सही ठोकणाऱ्याने संबंधांचा विचार केला होता का? आणि नोटीस गेली म्हणजे बोलणी बंद झाली असं कुठे आहे? उलट खरी बोलणी त्या १५ दिवसांतच होतात, हे मी पाहिलंय.

आता तोंडाला पानं पुसणारे. थोडे पैसे यूपीआयने टाकायचे आणि बाकीचं लांबवायचं. समजा चेक २ लाखांचा आहे आणि तो भरण्याआधी ५० हजार आले. तरी तुम्ही तोच चेक तसाच २ लाखांसाठी भरलात, तर १३८ ची केस (चेक परतण्याच्या गुन्ह्याचं कलम ते हेच) तिथेच लंगडी पडते. गुजरातमधूनच गेलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये हे ठरवलं. आलेल्या रकमेची नोंद चेकवर करा, नाहीतर उरलेल्या रकमेचा नवा चेक घ्या. मुद्दाम वेगळी सही करणारे महाभागही आहेत. त्यांचीही सुटका नाही: सही जुळत नाही, पेमेंट थांबवलं, खातं बंद केलं, ही सगळी कारणं १३८ खाली येऊ शकतात.

पार्टी सुरतची असली तरी सुरतला खेटे नकोत. २०१४ च्या एका निकालाने तशी वेळ आणली होती, पण २०१५ च्या दुरुस्तीनंतर तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट चालतं. म्हणजे आपलं बडोद्यातलं, दिवाळीपुऱ्याचं.

"दोन वर्षं आत टाकतो" या धमकीवर मात्र फार विसंबू नका. २ वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे खरं. पण आपल्याला त्याची कैद नको, आपले पैसे हवेत. खटला सुरू असताना २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते. ती देणं न देणं कोर्टाच्या मर्जीवर, तरी अर्ज कराच. रक्कम मोठी असेल तर सोबत दिवाणी समरी सूटही (झटपट चालणारा पैशांचा दावा) घाला. मुदत साधारण ३ वर्षांची, आणि त्यात बचावासाठीसुद्धा समोरच्याला कोर्टाची परवानगी लागते. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

आणि जे आपले लोक वापरतच नाहीत ते सांगते. तुमचा लघुउद्योग असेल आणि उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आधीपासून केलेली असेल, तर २००६ च्या एमएसएमई म्हणजे लघुउद्योगांच्या कायद्याखाली फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे तंटे सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे जा. खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त उधारी ठेवता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. निवाड्याला आव्हान द्यायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. हे ऐकून भल्याभल्या शेठजींचा आवाज मऊ होतो! फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हा रस्ता नाही.

पोलिसांतल्या ओळखीने दम देण्याच्या फंदात पडू नका. १३८ ची तक्रार पोलीस ठाण्यात नाही, थेट कोर्टात होते.

शेवटी हप्ते ठरले, तर ते चहाच्या टपरीवर तोंडी ठरवू नका. केस लोकअदालतीत नेऊन तिथे लिहून घ्या. तो निवाडा दिवाणी डिक्रीसारखा, म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा, अंमलात आणता येतो. हप्ता चुकला तर थेट वसुलीचा अर्ज टाकायचा.