पॅरिसला जायचंय, गुन्हा केलेला नाही

काल पुण्यातल्या व्हिसा केंद्रात बाबांची फाइल काचेखालून परत आली. माझी घेतली, नवऱ्याची घेतली, लेकीची घेतली. बाबांची परत. का, तर त्यांच्या पेन्शनच्या खात्याच्या स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का पहिल्या पानावर आहे, शेवटच्या पानावर आहे, मधल्या पानांवर नाही. मधली पानं काय मी घरी बसून छापली? तोच खाते क्रमांक, तेच नाव, दर महिन्याला जमा होणारी तीच पेन्शन. डोळे असलेल्या कुणालाही दिसेल. पण बघायचंच नव्हतं. बोट ठेवायचं होतं चेकलिस्टवर आणि म्हणायचं होतं, "मॅडम, प्रत्येक पानावर लागतो."

आणि हे शिक्के मिळवताना काय झालं ते काचेमागच्या माणसाला कोण सांगणार? साताऱ्याच्या बँकेत साहेब म्हणाले, "आता शिक्का लागत नाही हो, सगळं ऑनलाइन आहे. खाली लिहिलंय ना, संगणकावर तयार झालेलं विवरण, सहीची गरज नाही." मी म्हटलं, साहेब, तुम्हाला गरज नाही, त्यांना आहे. तर म्हणे, आमच्याकडे तसा नियम नाही. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बाकावर बसून राहिले, तेव्हा कुठे शिपायाने ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि दोन ठिकाणी मारला. पॅडवरची शाई वाळलेली. तो फिकट शिक्कासुद्धा काल भिंग लावल्यासारखा तपासला गेला. एक कार्यालय म्हणतं शिक्का बंद, दुसरं म्हणतं शिक्क्याशिवाय चालणार नाही, आणि या दोघांच्या मधे आपण पायऱ्या झिजवायच्या.

पण शिक्क्यापेक्षा मला झोंबलं ते पुढचं. "आजोबांची एनओसी कुठंय?" म्हटलं, ते निवृत्त आहेत. "मग कंपनीचं लेटर?" अहो, ते जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, निवृत्त होऊन जमाना झाला, पेन्शनचा आदेश जोडलाय, तो तरी उघडून बघा. नाही उघडला. बाबा समोर उभे असताना त्यांच्याबद्दलचं सगळं मला विचारलं जात होतं. ते ऐकू शकतात. ते बोलू शकतात. आयुष्यभर वर्गात उभं राहून बोलले आहेत. शेवटी "आजोबांना जरा बाजूला बसवा, मागची लाइन अडतेय" असं म्हटल्यावर ते मुकाट्याने जाऊन बसले, आणि माझ्या डोक्याची शीर तडकली. आवाज चढला माझा. सिक्युरिटीवाला जवळ आला. येऊ दे.

बाबांचा अर्ज द्यायला आता नवी अपॉइंटमेंट घ्या म्हणतात. घरी येऊन साइट उघडली, तर मिळणारी पहिली तारीख आमचं विमान सुटल्यानंतरची. त्यातून अर्ज दिल्यावर निर्णयाला १५ दिवस, आणि त्यांच्या मनात आलं तर ४५ दिवसांपर्यंत. बाहेर झेरॉक्सच्या दुकानात एकजण सांगत होता की 'माझ्या जबाबदारीवर देतो' असं लिहून दिलं की अपुऱ्या कागदांवरही अर्ज घेतात. मग काचेमागच्या माणसाने हे आम्हाला का नाही सांगितलं? सांगायला काय पैसे पडणार होते? प्रीमियम लाउंज हवा का, एसएमएस हवा का, पासपोर्ट कुरिअरने हवा का, हे मात्र पुन्हा पुन्हा विचारलं. प्रत्येकाचे वेगळे पैसे.

ज्या माणसाला पॅरिस दाखवायचं म्हणून हा सगळा घाट घातला, त्याच माणसाचा अर्ज अडकलाय. मला लूव्ह्र संग्रहालयाचं वेड नाही. ते बाबांना आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवताना जुन्या मासिकांतून कापलेली चित्रं ते फळ्यावर डकवायचे. मोने, देगा, व्हॅन गॉग, सगळे बोटाएवढ्या आकारात, छपाईचे रंग उडालेले. मोनेची कमळं किती मोठी आहेत हे त्यांना फक्त आकड्यात माहीत आहे. पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात ती दोन लंबगोल दालनांत भिंतभर पसरलीयत, १९२७पासून, आणि बाबांना त्यांच्या समोरच्या बाकावर बसायचंय. एवढंच मागणं. २०२३ साली पॅरिसच्या पाँपिदू सेंटर या कलासंग्रहालयात आपल्या सय्यद हैदर रझांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. जे. जे.मध्ये शिकलेला माणूस, १९५०मध्ये मुंबईहून पॅरिसला गेला आणि कितीतरी दशकं तिथेच राहिला. बाबांनी ती बातमी कापून ठेवलीय. तेव्हा त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, राहून गेलं. आता पाँपिदूच दुरुस्तीसाठी बंद, थेट २०३०पर्यंत. म्हातारा माणूस २०३०ची वाट बघत बसणार का?

मुळात हा क्रमच उलटा आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. आधी विमानाचं बुकिंग दाखवा. हॉटेलचं दाखवा, सगळ्या रात्रींचं. ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा विमा काढा, आणि सत्तरीच्या पुढच्या माणसाच्या विम्याचा हप्ता किती येतो ते ज्यांनी काढलाय त्यांना विचारा. दिवसवार कार्यक्रम लिहून द्या, मंगळवारी सकाळी कुठे, दुपारी कुठे. साहेबांची सही असलेली रजा दाखवा. तीन वर्षांचे आयकराचे कागद लावा. हे सगळं पैसे ओतून, हातापाया पडून झालं की मग आम्ही ठरवू तुम्हाला येऊ द्यायचं की नाही. आणि नाही म्हटलं तर माणशी ९० युरो गेले. २०२४च्या जूनपर्यंत ८० होते, वाढवले. त्या एका वर्षात भारतातून शेंगेनसाठी, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या या व्हिसासाठी, ११ लाखांहून जास्त अर्ज गेले आणि शंभरातले साधारण पंधरा नाकारले गेले. त्यातल्या एकालाही फी परत मिळालेली नाही. नकाराच्या छापील फॉर्मवर एक चौकोन असतो, मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल शंका आहे अशा अर्थाचा. त्यावर खूण केली की झालं. घरदार, पेन्शन, नातवंडं इथे असलेला माणूस हिवाळ्यात पॅरिसच्या फुटपाथवर लपून राहायला चाललाय, असं मानूनच सुरुवात करायची.

"सहा महिने आधी अर्ज करता येतो की, तेव्हाच करायचास," असं सांगणारे भेटतातच. मला या वाक्याची चीड आहे. सहा महिने आधी कुणाचा साहेब रजा मंजूर करतो? आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन डिसेंबरात कुठल्या आठवड्यात आहे हे दिवाळी उलटून गेल्यावर कळतं. लेकीचं नृत्य आहे, ती नाही आली तर बाई रुसतात, बसवलेली रांग मोडते. नाताळची सुट्टी शाळेला जेमतेम. त्या जेमतेम सुट्टीला आजूबाजूच्या रजा जोडून कसाबसा आठवडा उभा करायचा, आणि तोही अर्ध्या वर्षापूर्वी विमान कंपनीला कळवायचा. ज्यांना जमतं त्यांना नमस्कार.

आणि फोटो! ३५ बाय ४५ मिलिमीटर, पार्श्वभूमी पांढरी, चेहरा ७० ते ८० टक्के. बाबांचे केस पांढरेशुभ्र. स्टुडिओवाल्याने काढलेला फोटो पहिल्याच नजरेत बाद, कारण म्हणे डोक्याची कड दिसत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीचा नियम तुमचा, म्हातारपण निसर्गाचं, बाबांनी काय केस काळे करून यायचं? केंद्रातच फोटो काढायची सोय आहे, बाहेरच्या कितीतरी पट पैशात, आणि त्या फोटोत केस तितकेच पांढरे असूनही तो चालला. म्हणजे अडचण केसांची नव्हतीच.

एवढ्यावर फोटो संपत नाहीत. बोटांचे ठसे देताना आणखी एक फोटो. तिकडे उतरल्यावर सीमेवरच्या नव्या यंत्रणेत पुन्हा चेहरा. आणि पॅरिसच्या मेट्रोचा आठवड्याचा पास ज्या नाविगो देकुव्हेर्त कार्डावर मिळतो, त्यालाही फोटो लागतो, २५ बाय ३० मिलिमीटर. निराळं माप! तो पास चालतो सोमवार ते रविवार, तुम्ही कधीही उतरा. शुक्रवारी उतरलात तर चालू आठवड्याचा मिळतच नाही, थेट पुढच्या सोमवारपासूनचा. आमचं विमान शुक्रवारचं. म्हणजे पहिले तीन दिवस सुटी तिकिटं काढायची, आणि ती कागदी तिकिटांची जुनी जुडी कधीच बंद झालीय.

स्लॉट या शब्दाचीच मला आता शिसारी आलीय. आयफेल टॉवरच्या लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी खुली होतात आणि सुट्टीच्या दिवसांतली बघता बघता उडतात. व्हिसा हातात नाही, तर तिकीट काढू की नको? काढलं आणि व्हिसा नाही आला तर पैसे पाण्यात. थांबलं तर जिने चढून जा म्हणतील, बाबांचे गुडघे घेऊन. नोत्र दाम कॅथेड्रलचं उलट. २०१९च्या आगीनंतर ते २०२४च्या डिसेंबरात पुन्हा उघडलं, प्रवेश फुकट, पण वेळ राखून ठेवायची तर ती दोन दिवस आधीच दिसते. म्हणजे हॉटेलच्या खोलीत बसून पुन्हा मोबाइलला डोळे लावायचे. लूव्ह्र आणि ऑरांजरी मंगळवारी बंद. ऑर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. लूव्ह्र २५ डिसेंबरला बंद, १ जानेवारीला बंद. उरलेल्या दिवशी उघडं असेल याची हमी नाही, २०२५च्या डिसेंबरात कर्मचाऱ्यांनी संप केला आणि तिकीट काढून आलेली माणसं दारातून परत गेली. मला त्या कर्मचाऱ्यांचा राग नाही, एवढ्या गर्दीला सांभाळणारी माणसं कमी पडतात हे त्यांचं म्हणणं खरंच असणार. पण महिनोन्महिने आधी वेळ ठरवून घेणाऱ्या संस्थेने स्वतःची वेळ पाळावी की नाही? आणि हे सगळं उजेडाच्या आठ तासांत बसवायचं. डिसेंबरात तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या आधी मावळतो.

लूव्ह्रच्या तिकिटाचं तर विचारूच नका. २०२६च्या जानेवारीपासून युरोपबाहेरच्यांना ३२ युरो, युरोपातल्यांना २२. आता इथे मी खरं बोलणार, कारण काल रात्री यावरून नवऱ्याशी भांडण झालंय. अजिंठ्याला आपण भारतीयांकडून ४० रुपये घेतो आणि परदेशी माणसाकडून ६००. तेव्हा वेगळ्या दराबद्दल मला तक्रार करायला तोंड नाही, आणि मी करतही नाही. ज्यांच्या करावर ते संग्रहालय चालतं त्यांना स्वस्त मिळावं, ठीक आहे. पण जास्त पैसे घेता ना? मग जास्त पैसे देणाऱ्याला चोरासारखं वागवू नका. हॉटेलवरचा पर्यटन कर २०२४मध्ये जवळजवळ तिप्पट केलात, तोही भरतोय. फी भरतोय, विमा भरतोय, लाउंजवाल्याला सोडून सगळ्यांना भरतोय. माणूस म्हणून समोर उभं तरी राहू द्या.

बाकी सल्लागार मंडळींना हात जोडून विनंती आहे. "दुबई कर की, एका दिवसात व्हिसा," हे सांगू नका. दुबईत मोनेची कमळं नाहीत. "टूरबरोबर जा, सगळं तेच बघतात," हेही नको. टूरवाले लूव्ह्रमध्ये मोनालिसासमोर नेऊन झेंडा हलवतात आणि तासाभरात बसमध्ये बसवतात, रात्री पुलाव-छोले मिळाले की सगळे खूश. बाबांना एका चित्रापुढे अर्धा तास उभं राहायचं असतं. त्यांना कोण उभं राहू देईल? "पॅरिसमध्ये पाकीटमार फार," हे आमच्या सोसायटीतले काका जिन्यात भेटले की दर वेळी सांगतात. काका, पाकिटात काही उरू तर दे.

उद्या मी परत बँकेत जाणार आहे. या वेळी प्रत्येक पानावर शिक्का, मागच्या कोऱ्या बाजूवरसुद्धा, आणि शाईचं पॅड मी स्वतः नेणार. त्यानंतर रात्री जागून साइटवर बसणार, कुणीतरी आपली वेळ रद्द करतंच, ती पकडणार. तेही नाही जमलं तर केंद्राला मेल, वकिलातीला मेल, रोज एक.

आणि काल रात्रीपासून नातेवाइकांचं सुरू झालंय, की तुमचे तिघांचे अर्ज गेलेत ना, मग तुम्ही तिघं जाऊन या, बाबांना पुढच्या वेळी न्या. खुद्द बाबाही तेच म्हणाले, "तुम्ही जा गं, मी काय, फोटोत बघेन." नाही. फोटोत त्यांनी आयुष्यभर बघितलंय. जाऊ तर चौघं जाऊ, नाहीतर विमानाचे पैसे बुडाले तरी चालतील, फेब्रुवारीचं बघू, लेकीची शाळा बुडाली तर बुडू दे. तिघांनी जायचा सल्ला ज्यांना द्यायचाय त्यांनी मला फोन करू नये.