कॅमेरा कुणाचा, ते आधी ठरवा

मराठीत एखादी नवी विनोदी वेबमालिका आली आणि तिच्यातली पात्रं खुर्चीत बसून कॅमेऱ्याशी बोलायला लागली, की वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, ही ‘द ऑफिस’ या परदेशी मालिकेची नक्कल आहे, आपल्या प्रेक्षकाला मागून हशा ऐकू आला नाही तर विनोद पोचत नाही. दुसरी बाजू म्हणते, पोचेल की! कॅमेरा हातात धरा, थोडा हलवा, हशा काढून टाका, झाली मॉक्युमेंटरी, म्हणजे माहितीपटाच्या थाटातली बनावट गोष्ट. हा प्रकार टीव्हीवर जिथे घट्ट रुजला त्या ब्रिटनमधून हा वाद वाचताना वाटतं, की दोन्ही बाजूंचं लक्ष हलणाऱ्या चौकटीवरच आहे. तो कॅमेरा कुणाच्या खांद्यावर आहे, त्या माणसाला कुणी बोलावलं, तो काय टिपायला आलाय, हे कुणी विचारत नाही. विनोद तर तिथून सुरू होतो.

मूळ ब्रिटिश ‘द ऑफिस’ ९ जुलै २००१ रोजी बीबीसी टूवर सुरू झाली. स्लाऊ गावातली कागद विकणारी एक कंपनी, तिचा साहेब डेव्हिड ब्रेंट आणि त्याची माणसं. त्याआधीची चार-पाच वर्षं ब्रिटिश टीव्हीवर विमानतळ, हॉटेल, ड्रायव्हिंग स्कूल अशा ठिकाणच्या साध्या माणसांचा दिनक्रम दाखवणाऱ्या मालिकांची लाट होती. डॉक्युसोप म्हणत त्यांना. कॅमेरा आला की साध्या माणसाला आपण आता प्रसिद्ध होणार असं वाटू लागतं, आणि मग तो कसा वागतो, हे प्रेक्षकांनी तिथे रोज पाहिलं होतं. ब्रेंट म्हणजे तीच आशा माणसाच्या रूपात. प्रेक्षकाला मूळ रूप तोंडपाठ होतं, म्हणून हशाशिवाय नक्कल कळली. त्याहून जुना दाखला १ एप्रिल १९५७ चा. बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या गंभीर वृत्तकार्यक्रमाने स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून स्पॅगेटी तोडणारं कुटुंब दाखवलं. निवेदन रिचर्ड डिंबलबी यांचं, म्हणजे ज्या आवाजावर देशाचा विश्वास होता तोच. झाड कसं लावायचं, हे विचारायला लोकांनी फोन केले. त्यात कॅमेऱ्याची कसलीही करामत नव्हती. फक्त मूळ साच्याची नक्कल तंतोतंत होती.

मग आपला साचा कोणता? स्लाऊच्या कचेरीतला साचा उचलून पुण्याच्या आयटी कंपनीत ठेवला, तर प्रेक्षक ‘द ऑफिस’च्या अमेरिकी आवृत्तीशी ताडून बघणार आणि ती तुलना आपण हरणार. पण महाराष्ट्रात घराघरांत ओळखीचे असे निदान तीन साचे आहेत. पहिला दूरदर्शनच्या ‘आमची माती आमची माणसं’चा: शेतात उभे राहिलेले दोघं, एकाच्या हातात माइक, दुसरा इस्त्रीच्या सदऱ्यात, आणि हेक्टरी उत्पादनाचे आकडे. दुसरा गावातल्या वार्ताहराचा: हातात चॅनेलच्या चौकोनी शिक्क्याचा माइक, मागे हात हलवणारी पोरं, आणि उत्तर पोटात घेऊनच विचारलेला प्रश्न.

तिसरा लग्नाच्या व्हिडिओचा. मला हा सर्वांत समृद्ध वाटतो. लग्नात व्हिडिओवाल्याइतका अधिकार कुणाकडेच नसतो. भटजी थांबतात, अंतरपाट थांबतो, ‘हार पुन्हा एकदा घाला’ म्हटलं की नवरा-नवरी पुन्हा हार घालतात. तो रुखवतावरून सावकाश कॅमेरा फिरवतो, पंगतीत घास तोंडाशी नेणाऱ्याच्या समोर जाऊन उभा राहतो. ब्रिटिश माहितीपट ‘आम्ही मध्ये पडत नाही’ असं म्हणतो आणि तसं दाखवतो. आपला व्हिडिओवाला उघड मध्ये पडतो. त्यामुळे नियम उलटतात. ब्रिटिश मालिकेत पात्राने भिंगाकडे टाकलेला कटाक्ष महत्त्वाचा, कारण बाकी वेळ कॅमेरा नाही असं समजून वागायचं असतं. लग्नात सगळेच सतत कॅमेऱ्याकडे बघत असतात. तिथे ज्या क्षणी कुणीच कॅमेऱ्याकडे बघत नाही, तो खरा क्षण. विहीणबाई रुसल्या, दोन्हीकडचे भान विसरून बोलायला लागले, आणि मागून आवाज आला, ‘मावशी, ते शेवटचं जरा इकडे बघून परत म्हणा.’ हे दृश्य स्लाऊमध्ये घडूच शकत नाही.

खुर्चीत बसून बोलण्याला इथे ब्रिटनमध्ये लोक ‘टॉकिंग हेड’ म्हणतात. आपल्याकडे बरेच जण त्याला रंगभूमीवरच्या स्वगतासारखं लिहितात. काही जण सूत्रधाराचा आणि तमाशातल्या सोंगाड्याचा वारसा सांगतात. वारसा खरा आहे, पण गोष्ट वेगळी आहे. सोंगाड्याची प्रेक्षकाशी हातमिळवणी असते आणि स्वगतात माणूस खरं बोलतो. मुलाखत देणारा मात्र आपल्याबद्दल काय छापून येईल याच्या धास्तीत बोलतो, म्हणजे तो स्वतःची बाजू रंगवतो. म्हणून टॉकिंग हेडचं काम एकच: आधीच्या किंवा पुढच्या दृश्याला खोटं पाडणं. दृश्यात झालेला विनोद तिथे पुन्हा समजावून सांगितला असेल, तर ते वाक्य कापावं. बावीस मिनिटांच्या भागात असे आठ-दहा तुकडे पुरतात. एकेक दहा ते वीस सेकंदांचा.

आणि इथे मराठीकडे एक धन आहे, ज्याचा या वादात उल्लेखही होत नाही. माइक तोंडासमोर आला की मराठी माणसाची भाषा बदलते. घरात ‘टाकीत कबूतर पडलंय, झाकण कुठं गेलं?’ म्हणणारा सोसायटीचा सेक्रेटरी कॅमेऱ्यासमोर म्हणतो, ‘या ठिकाणी पाण्याच्या टाकीची स्वच्छता ही वेळोवेळी करण्यात येत असते.’ ‘या ठिकाणी’, ‘खऱ्या अर्थाने’, ‘निश्चितपणे’: ही सगळी माइकची मराठी. भाषणांतून आणि बातम्यांतून ती आपल्या अंगात इतकी मुरली आहे, की पतसंस्थेच्या संचालकापासून गणेश मंडळाच्या खजिनदारापर्यंत कुणालाही शिकवावी लागत नाही. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या मंचावरही ती तशीच्या तशी ऐकू येते. ब्रेंटच्या तोंडी व्यवस्थापनाची पोकळ इंग्रजी होती. आपल्याकडे दोन मराठींमधलं अंतर आहे आणि ते अधिक खोल आहे. खुर्चीत माइकची मराठी आणि चोरून टिपलेल्या दृश्यात मालवणी, वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी, एवढं पाळलं तरी अर्धं लेखन उभं राहतं.

आता छायाचित्रणाचं. प्रत्येक शॉटआधी दोन प्रश्न: कॅमेरामन नेमका कुठे उभा आहे, आणि त्याला आत कुणी घेतलं? बंद मोरीतला शॉट, किंवा फोनवर बोलणाऱ्या दोघांचे दोन्हीकडून एकाच वेळी घेतलेले शॉट दिसले, की प्रेक्षक नकळत ओळखतो की कॅमेरा खोटा आहे. माहितीपटवाल्याला पुढे कोण बोलणार हे ठाऊक नसतं, म्हणून कॅमेरा बोलणाऱ्यावर अर्धा सेकंद उशिरा पोचायला हवा. वाक्य सुरू होण्याआधीच तो तिथे तयार असेल तर सगळं फसलं. उपाय सोपा आहे: तालमीला कॅमेरामनला बसवू नका, किंवा संवाद कुणापासून सुरू होणार ते प्रत्येक टेकला बदला. जवळ जाता येत नाही तेव्हा ट्रॉली नको, झूम वापरायचा. गिंबल, म्हणजे कॅमेरा हलू न देणारी मूठ, नको, त्याने माणसाचं वजनच निघून जातं. फोनवर चित्रीकरण असेल तर फोनमधलं चित्राचं स्थिरीकरण बंद ठेवा. संकलनात कृत्रिम हादरे घालू नयेत: खऱ्या हातात जवळच्या आणि लांबच्या वस्तू वेगवेगळ्या सरकतात, सॉफ्टवेअरने हलवलेलं चित्र अख्खं एकदम सरकतं, आणि डोळ्याला ते लगेच खुपतं. मुलाखतीत प्रश्न विचारणाऱ्याला भिंगाच्या अगदी शेजारी, पात्राच्या डोळ्यांच्या उंचीवर बसवावं. पात्राची नजर त्याच्याकडे. थेट भिंगात बघणं राखून ठेवायचं. ब्रेंट भिंगात बघतो तो आपण कसे दिसतोय हे तपासायला, आणि त्याच्याच कचेरीतला टिम बघतो तो साक्षीदार शोधायला. दोघांचे कटाक्ष सारखेच असते तर दोघंही पुसट झाले असते.

आवाजाकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. २००२ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात टिम, ज्या सहकारी मुलीवर त्याचं प्रेम आहे त्या डॉनला, खोलीत नेतो आणि बोलण्याआधी स्वतःचा माइक काढतो. काचेपलीकडे दोघं दिसतात, ऐकू काहीच येत नाही. माइक अंगावर आहे हे आधीचे सगळे भाग काटेकोर पाळलं होतं, म्हणून ती शांतता काळजाला भिडते. हे साधायचं तर माइक कुठे आहे हे लेखकाला माहीत हवं. साडी असेल तर बिनतारी माइकचा ट्रान्समीटर मागे कमरेला परकराच्या नाडीत बसतो. माइक गळ्याशी लावला तर मंगळसूत्राचे मणी त्याच्यावर आपटतात, म्हणून तो खांद्यावर पदराच्या पिनेजवळ, पात्र ज्या बाजूला जास्त वळतं त्या बाजूला लावावा. खळ घातलेली सुती साडी आणि जरीचे काठ सळसळतात. माइकच्या दोन्ही अंगांना कापडी टेप लावली की ती सळसळ बरीच दबते. चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना गप्प करून रिकाम्या खोलीचा, पंखा चालू ठेवून, तीस सेकंद आवाज घ्यावा. तो नसला की प्रत्येक कापाशी पंखा तुटतो, आणि मग संकलक ते लपवायला पार्श्वसंगीत घालतो.

पार्श्वसंगीत आलं की खेळ संपला. या प्रकारातलं ओशाळलेपण शांततेत राहतं. शेवटच्या वाक्यानंतर चित्र दीड-दोन सेकंद तसंच धरायला लागतं, आणि तिथे ‘टुंग’ वाजवण्याचा मोह आवरावा लागतो. मराठी नटांचीही इथे खरी कसोटी आहे. रंगभूमीवर घडलेला नट हशा घ्यायला शिकलेला असतो: वाक्य टाकतो, श्वासभर थांबतो, शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. ‘हास्यजत्रा’सारख्या मंचावर ते कौशल्य झळाळतं, आणि मी ते कमी लेखणार नाही. पण इथे घ्यायला हशाच नाही. थांबलेला नट हशाची वाट बघताना दिसतो. वाक्यं एकमेकांवर चढू द्यायची, आवाज शेजारच्या टेबलापुरता ठेवायचा आणि दोन कॅमेरे एकाच वेळी चालवायचे, म्हणजे चढलेली वाक्यं संकलनात जुळतात.

घरच्या वादातला ‘द ऑफिस’ बहुधा अमेरिकी असतो: २००५ ते २०१३, २०१ भाग. इतक्या लांब पल्ल्यात नियम सैल झाले, चित्रपथक कोण आहे ते जवळजवळ शेवटच्या पर्वापर्यंत झाकलेलं राहिलं. नंतरच्या ‘मॉडर्न फॅमिली’ या अमेरिकी मालिकेत तर मुलाखत कोण घेतंय हा प्रश्नच उरला नाही. आपले लेखक हे सैल व्याकरण पाहून शिकले. २०१९ मध्ये फरिदाबादेत बेतलेल्या हिंदी रूपांतरातही मला आपला माहितीपट कुठे दिसला नाही, मूळ प्रसंगच पुढे आले. उलट २०२१ च्या ‘ॲबट एलिमेंटरी’ या अमेरिकी मालिकेने पहिल्याच भागात कारण दिलं: निधी नसलेल्या सरकारी शाळांवर माहितीपट होतोय. एका वाक्यात पथकाला हेतू मिळाला.

ब्रिटनची खरी सोय वेळेची होती. मूळ मालिका सहा-सहा भागांची दोन पर्वं आणि २००३ च्या नाताळातले दोन विशेष भाग, एवढीच. पहिल्या पर्वाला प्रेक्षक कमी मिळूनही बीबीसीने ती पुढे चालवली. रोज भाग मागणाऱ्या मराठी वाहिनीवर हे होणं कठीण, पण यूट्यूबवर सहा भाग करायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त सेट आणि दिवे वाचले म्हणून खर्च कमी असं धरू नये. चित्रीकरणाचे दिवस घटतात, संकलनाचे वाढतात, उत्स्फूर्त बोलणं ठेवलं तर फारच वाढतात.

राहिली ‘लोक हा बनाव खरा समजतील’ ही भीती. ती रास्त आहे, कारण आता फोनवर अख्खा भाग नव्हे, तुकडा फिरतो. आडव्या चौकटीतून उभा तुकडा कापला की रुंदीचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. म्हणून तुकड्यातही बनाव ओळखू यावा यासाठी काल्पनिक वाहिनीचा शिक्का आणि पात्राची नामपट्टी कोपऱ्यात न ठेवता चौकटीच्या मधल्या तिसऱ्या भागात, बोलणाऱ्याच्या छातीच्या खाली ठेवावी.